हिच्यासाठी राखलेलं पाणी

फ्रीजच्या दारातून गार पाणी येतं याचं कौतुक मला कुणी सांगू नये. त्या पाण्यापायी माझी एकुलती एक मुलगी हातची जायची वेळ आली होती. आणि ते पाणी तिला चुचकारून, दटावून पाजणारं दुसरं कुणी नव्हतं, आम्हीच होतो, तिचे सख्खे आईबाप. चाळीस वर्षं होत आली. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. लोक म्हणतात वय झालं की राग निवतो. माझा नाही निवला, आणि निववायची माझी इच्छाही नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. हे कतारला इंजिनिअर म्हणून लागले आणि वर्षभराने मी तीन वर्षांच्या मुलीला घेऊन नाशिकहून तिकडे गेले. कंपनीने दोह्याजवळ अल रय्यानला व्हिला दिला होता. आमच्या आधी तिथे एक अमेरिकन जोडपं राहायचं. जाताना त्यांनी बरंच सामान मागे ठेवलं, त्यात तो फ्रीज. कपाटाएवढा उंच, शेजारी शेजारी दोन दारं, आणि एका दाराला बाहेरून एक कोनाडा. कोनाड्यात ग्लास धरून मागची पट्टी दाबली की गार पाण्याची धार. मी नाशिकला फ्रीज म्हणून जे पाहिलं होतं त्यात एक बर्फाचा कप्पा आणि दुधाची पातेली एवढंच असायचं. मला तर पहिले चार दिवस तो फ्रीज उघडायलासुद्धा भीती वाटायची.

फ्रीजच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला, पाण्याच्या नळीवर एक पांढरा नळकांड्यासारखा फिल्टर बसवलेला होता. नळाचं पाणी त्यातून गाळून आत जायचं. जाण्याआधी त्या अमेरिकन बाईने नवीन फिल्टर बसवून दिला आणि दुसरा एक नवाकोरा, खोक्यातला, माझ्या हातात ठेवला. सहा महिन्यांनी हा बसवा, असं तिने मला हळूहळू, बोटं दाखवून सांगितलं. मला इंग्रजी येत होतं. पण ती सांगत होती तसंच मी ऐकून घेतलं.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. ह्यांचं घर पुण्याचं, आणि त्या घराची एक रीत होती. चांगली वस्तू वापरायची नाही. माझ्या सासूबाईंनी रुखवतातला कपबश्यांचा सेट तीस वर्षं काचेच्या कपाटात ठेवला आणि स्वतः कान तुटलेल्या कपातून चहा प्यायल्या. नवीन चादरी ट्रंकेत, जुन्या पलंगावर. दोह्यात आम्ही सोफा घेतला तर त्याचं प्लास्टिक ह्यांनी काढू दिलं नाही. बसलं की करकर वाजायचं, आणि त्या उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या. पाहुणे उठताना चर्रकन आवाज व्हायचा. मला लाज वाटायची, ह्यांना नाही.

तर हे फिल्टरचं खोकं ह्यांच्या हाती लागलं. त्यावर लिहिलं होतं की इतके गॅलन पाणी गाळून झालं की फिल्टर बदला, किंवा दर सहा महिन्यांनी बदला. ह्यांनी पेन्सिल घेतली, जेवणाच्या टेबलावर बसले आणि हिशेब मांडला.

“अगं, हे बघ. आपण तिघं प्यायलो तर हा वर्षभरात संपेल. पण एकटी ही प्यायली तर हिच्या मॅट्रिकपर्यंत पुरेल!”

“आणि सहा महिन्यांनी बदला असं लिहिलंय ते?”

“ते धंद्याचं बोलणं. माल खपवायला लिहितात. उद्या म्हणतील दर आठवड्याला बदला. आपल्याला काही अक्कल आहे की नाही?”

अक्कल! अजून तो शब्द कानात आहे माझ्या. चौकशी केली तेव्हा कळलं की बाजारात तो फिल्टर मिळत नाही. एक दुकानदार म्हणाला अमेरिकेहून मागवतो, तीन महिन्यांत येईल, इन्शाल्ला. झालं. त्या दिवसापासून ह्यांच्या लेखी तो फिल्टर म्हणजे देव्हाऱ्यातला गंगाजलाचा गडू झाला. खोक्यातला दुसरा फिल्टर कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर गेला, माझ्या पैठणीच्या मागे.

घरात दोन पाणी सुरू झाली. एक आमचं आणि एक हिचं. तिकडे पाणी टँकरने यायचं, गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ सोडला तरी हात भाजायचा, आणि जिभेवर लोखंडाची चव रेंगाळायची. ते पाणी मी मोठ्या पातेल्यात खळखळून उकळायची, दुपदरी धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि नाशिकहून आणलेल्या स्टीलच्या फिल्टरमध्ये ओतायची. त्यातल्या दोन पांढऱ्या कँडल दर शुक्रवारी काथ्याने घासायची. ते आमचं पाणी. मी, हे आणि येणारे-जाणारे सगळे तेच प्यायचो. फ्रीजच्या दारातलं मात्र फक्त हिचं, बारशाला आलेल्या चांदीच्या पेल्यातून. घरी ऑफिसमधले लोक आले की हे त्यांना फ्रीजपुढे नेऊन पट्टी दाबून धार दाखवायचे. दाखवायचे, पाजायचे नाहीत. बर्फ करायचं यंत्रसुद्धा बंद करून ठेवलं, कारण बर्फाला पाणी लागतं.

मला तेव्हा राग आला नाही, हे कबूल करते. उलट बरं वाटलं. आठ वर्षांनी झालेली मुलगी. डॉक्टर झाले, नवस झाले, नातेवाइकांची टोचून बोलणी झाली, तेव्हा कुठे ती आमच्या ओंजळीत पडली. तिच्यासाठी बाप एवढं करतो आहे, स्वतः तोंडाला लावत नाही, यात मला प्रेमच दिसलं. ते प्रेम होतंही. त्यानेच तर घात केला.

दर शुक्रवारी आमच्याकडे चार माणसं जेवायला असायची. जवळच्याच एका कामगारांच्या कॅम्पात राहायची, सगळी आपल्याकडची, बायकामुलं गावाला ठेवून आलेली. दोन ड्रायव्हर, एक सुतार, आणि एक सोलापूरकडचा फ्रीज आणि एसी दुरुस्त करणारा. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असेल. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला वैनी. आठवडाभर खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणि डाळ खाऊन कंटाळलेली ती माणसं माझ्या हातची भाकरी आणि पिठलं असं जेवायची की बघत राहावं. मुलीला त्यांची फार सवय झाली होती. ते मराठीत बोलायचे, ही नर्सरीत शिकलेल्या इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि दोघांचं छान चालायचं.

त्या मेकॅनिकने पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, “सायेब, ह्यो मोठा फ्रीज हाय, मी बगू का एकदा मागून पुढून?”

“नको, नको. हात लावू नकोस तू,” हे म्हणाले. “अमेरिकन आहे तो.”

तो नुसता हसला. रोज दहा फ्रीज उघडून जोडणारा माणूस.

पहिलं वर्ष बरं गेलं. सहा महिने होऊन गेले, फिल्टर तोच. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोन महिने नाशिकला आलो. निघताना फ्रीज बंद केला, दारात वर्तमानपत्राची घडी अडकवून ती किलकिली ठेवली, एसी बंद, खिडक्या बंद. जुलै-ऑगस्टमध्ये बंद घर तिकडे किती तापतं हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. फळीवरची मेणबत्ती वाकून आडवी झाली होती. आणि त्या भट्टीत, फ्रीजच्या मागे, फिल्टरमध्ये ते पाणी तसंच भरलेलं होतं.

परत आल्यावर ह्यांनी आधी फ्रीज चालू केला. संध्याकाळी पहिला पेला हिला दिला. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“आई, इट स्मेल्स.”

मी पेला नाकाशी नेला. फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो ना, तसा वास. फार नाही, पण होता. मी ह्यांना म्हटलं, “अहो, वास येतोय हो.”

“बरेच दिवस बंद होता. कार्बनचा वास असतो तो. चार दिवस वापरला की जाईल.”

हे इंजिनिअर. मी बी.ए. मराठी. मी म्हटलं असेल बाई कार्बन. आणि हे मुलीकडे वळून म्हणाले, “शहाणी ना तू? नाक दाब आणि पिऊन टाक बघू घटाघट.”

तिने चिमुकल्या दोन बोटांनी नाक दाबलं आणि प्यायली. मला हसू आलं. ह्यांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांत ती आजारी पडली. जुलाब, उलट्या, अंगात कणकण. डॉक्टरांनी औषध दिलं, चार दिवस बरी, पुन्हा सुरू. तांदळाची पेज झाली, डाळिंबाचा रस झाला, घरून मागवलेली बाळघुटी झाली. माझ्या आईने पत्रात लिहिलं दृष्ट काढ. मी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. महिन्याभरात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डोळे आत गेले. नर्सरी बंद झाली. जी मुलगी घरभर नाचायची ती सोफ्याच्या त्या प्लास्टिकवर मुटकुळं करून पडून राहायची, आणि मी हाक मारली की फक्त डोळे हलवायची.

एका दुपारी तिला फिट आल्यासारखं झालं. आम्ही गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं. अंगातलं पाणी संपलं म्हणाले. त्या बारीकशा हातात सुई घालायला नर्सला चार वेळा टोचावं लागलं. मी तिचे पाय धरून उभी होते. डॉक्टर बाहेर आले आणि ह्यांना म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. मग त्यांनी विचारलं, ती पाणी कुठलं पिते?

“फिल्टरचं,” हे ताठ होऊन म्हणाले. “फक्त फिल्टरचं. आम्हीसुद्धा पीत नाही ते, तिच्यासाठीच ठेवलंय.”

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले. “तेच चालू ठेवा.”

हॉस्पिटलात पाच दिवसांत ती बरी झाली. उठून बसली, नर्सकडे बिस्किट मागितलं. घरी आणली, सहाव्या दिवशी पुन्हा जुलाब. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. हॉस्पिटलात बरी होते, घरी आली की पडते, मग घरात काय आहे? एवढं साधं मला सुचू नये? पण मी घर फिनेलने पुसत बसले. आणि ह्यांनी काय शोध लावला माहिती आहे? म्हणाले, ही शुक्रवारची माणसं. कुठे कुठे हात घालतात दिवसभर, कॅम्पातली घाण आणतात, आणि तुझ्या लाडामुळे हिला उचलून घेतात. मी म्हटलं अहो, ती आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून येतात बिचारी. पण माझाही आवाज बारीकच होता. आणि वर नवा नियम निघाला. आता हिचं सगळंच हिच्या पाण्यात. पेज त्यात, दूध पातळ करायचं त्यात, दात घासायचे तेसुद्धा त्यात.

ती रोज म्हणायची, “आई, नो. इट स्मेल्स.” मी रोज म्हणायची, “नाक दाब.”

आणि मग तो शुक्रवार. चौघं जेवायला बसले होते. मी श्रीखंड केलं होतं, कारण सुताराला मुलगा झाल्याची तार आली होती. हे वाढत होते, पण चेहरा आंबट. मुलगी स्वयंपाकघरात माझ्या कडेवर, आणि मी पेला तिच्या तोंडाला लावत होते. ती मान फिरवत होती, मी पुन्हा लावत होते. ती रडायला लागली. रडतानासुद्धा तिने सवयीने नाक दाबून धरलं होतं.

मेकॅनिक मीठ मागायला म्हणून आत आला. तो याआधी कधी स्वयंपाकघरात आला नव्हता. त्याने मुलीकडे पाहिलं, फ्रीजकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने माझ्याकडून पेला घेऊन हुंगला.

“वैनी, ह्ये पानी पोरीला देऊ नगा.”

“का हो, भाऊ?”

“सडलंय. मागं फिल्टर हाय न्हवं? त्यो बदलून किती दीस झालं?”

मी तोंड उघडायच्या आत हे दारात येऊन उभे राहिले. “काय चाललंय?”

“सायेब, फिल्टर सडलाय ह्यो. पानी वाहतं लागतंय ह्याला. थांबलं की आतल्या आत कुजतंय. ऊन झालं असंल उन्हाळ्यात, त्यात तर...”

“तू मला शिकवू नकोस,” हे म्हणाले. “इंजिनिअर मी आहे का तू? फिल्टरला किती गॅलन लागतात ठाऊक आहे तुला? त्याचा पाव हिस्सासुद्धा झाला नाही अजून. जेवायला येतोस ना? जेव आणि जा.”

जेवायला बोलावलेल्या माणसाला हे वाक्य! त्याने पेला ओट्यावर ठेवला, सिंकमध्ये हात धुतला, बाहेर गेला आणि चपला पायात घातल्या. बाकीचे तिघंही उठले. सुताराने तर श्रीखंडाला बोट लावलं नव्हतं. “येतो वैनी,” एवढंच म्हणाले चौघं, आणि दार लागलं. चार भरली ताटं तशीच.

मी मुलीला खाली ठेवलं. तो पेला उचलला आणि ह्यांच्यापुढे धरला.

“प्या.”

“काय?”

“हे पाणी प्या. माझ्यासमोर.”

“अगं, हिचं आहे ते. उगाच कशाला वाया...”

“प्या म्हणते ना!” मी ओरडले. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मी त्या आवाजात कधी बोलले नव्हते. मुलगी दचकून टेबलाखाली गेली. “एक वर्ष झालं, तुम्ही एक घोट घेतला नाहीत. माझ्या लेकरासाठी राखून ठेवलंत ना? मग प्या, बघू तरी काय राखलंत ते!”

ह्यांनी पेला घेतला. एक मोठा घोट तोंडात घेतला आणि तो तसाच राहिला, गिळवेना. गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले. मग सिंककडे धावले.

तोंड धुऊन ह्यांनी फ्रीज ओढून पुढे काढला, पान्याने दोन्हीकडच्या नळ्या सोडवल्या आणि फिल्टर हातात घेतला. आतून काळपट हिरवा, शेंबडासारखा चिकट गाळ ह्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर सांडला. वास असा सुटला की मला ओकारी आली. हे जमिनीवर बसले. किती वेळ त्याच्याकडे बघत होते. आणि मग काय म्हणावं माणसाने?

“पण खोक्यावर गॅलन लिहिले होते गं.”

त्या वेळी माझ्या हातात लाटणं असतं तर काय झालं असतं ते देवच जाणे. मी म्हटलं, “गॅलन चुलीत घाला! सहा महिनेसुद्धा लिहिले होते. ते वाचता येत नव्हतं का तुम्हाला? माझी पोर मरायला टेकली आणि तुम्ही तो मेला फिल्टर मॅट्रिकपर्यंत पुरवताय!” आणखीही बरंच बोलले. सासूबाईंच्या कपबश्यांपर्यंत गेले. सोफ्याचं प्लास्टिक मी त्याच दिवशी सुरीने टराटरा फाडून काढलं. ह्यांनी अडवलं नाही. हे रडत होते. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू.

हे उठून कपाटाकडे गेले आणि वरच्या फळीवरचं खोकं काढलं, दुसरा फिल्टर बसवायला. मी ते हातातून काढून घेतलं. म्हटलं, या घरात आता माझं पातेलं आणि माझं फडकं. तुमच्या फ्रीजचं पाणी खलास.

उकळलेल्या पाण्यावर मुलगी आठ दिवसांत सावरली. दुसऱ्या आठवड्यात पेजेऐवजी भात मागितला. महिनाभरात बांगड्या मनगटावर घट्ट बसल्या.

पण पुढच्या शुक्रवारी कुणी जेवायला आलं नाही. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या शुक्रवारी मी डबा भरला, वर श्रीखंडाचं भांडं ठेवलं, खोकं घेतलं आणि ह्यांना म्हटलं, “यल्ला, चला, गाडी काढा.” कॅम्प म्हणजे पत्र्याच्या लांबलचक खोल्या. एका खोलीत आठ-आठ माणसं, आणि बाहेर सगळ्यांना मिळून एक कूलर, त्याला टाकीचं तांबडं पाणी. तिथे चाळीस माणसं पाणी प्यायची. आम्हाला बघून मेकॅनिक बाहेर आला. हे गाडीशी उभे. मी कोपराने ढोसलं तेव्हा दोन पावलं पुढे झाले आणि खोकं त्याच्यापुढे केलं.

“हा तुमच्या कूलरला बसतो का बघा.”

आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी त्याला अहो-जाहो केलं. माफी म्हणून त्यापलीकडे ह्यांच्या तोंडातून काही निघालं नाही. मला ते पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण तो म्हणाला, “बसवतो की सायेब. पोरगी कशी हाय?” आणि डबा माझ्या हातातून घेतला.

दोन महिन्यांनी ते पुन्हा जेवायला यायला लागले तेव्हा मेकॅनिक तो फिल्टर पिशवीत घालून घेऊन आला. उघडून दाखवला. आत तांबडा गंज आणि रेती गच्च बसली होती, पण वास कसलाच नाही. “संपला बगा, वैनी,” तो खुशीत म्हणाला. “चाळीस मानसांनी पिऊन संपवला.” हे तो हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघत राहिले. मग उठून गेले आणि नवी चादर ट्रंकेतून काढून पलंगावर घातली.

ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. इतकी वर्षं मी हा किस्सा सांगितला तो ह्यांच्या नावानेच सांगितला. गॅलन, मॅट्रिक, अक्कल, सगळं. लोक हसतात, मी चिडते, असं चालायचं. पण त्यातली एक गोष्ट मी गाळत आले. वास मलाही आला होता. पहिल्याच दिवशी आला होता. नाक दाबून पी, असं आपण औषधाला म्हणतो, पाण्याला नाही. हे ऑफिसात असायचे. दिवसभर पेला धरणारा हात माझाच होता. चार वर्षांचं लेकरू रोज मला स्पष्ट शब्दांत सांगत होतं, आणि मी तिला ते न हुंगता प्यायची युक्ती शिकवली.

मुलगी आता स्वतः दोन मुलांची आई आहे. तिला तो आजार आठवत नाही, हॉस्पिटल आठवत नाही, फ्रीज तर मुळीच नाही. तरी कुठलाही ग्लास हातात घेतला की आधी नाकाशी नेते, जरा थांबते, मग पिते. हॉटेलात, ऑफिसात, कुठेही. तिचा नवरा तिला त्यावरून चिडवतो. गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, उन्हातून. मी तांब्याभांडं पुढे केलं. माठातलं, मी स्वतः भरलेलं, उकळून गाळलेलं पाणी. तिने भांडं घेतलं, माझ्याकडे बघून हसली, आणि आधी हुंगलं.